उन्हाचे माप घेणाऱ्या अ‍ॅना मणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाणी पाच लाख लिटर. त्याच्या आदल्या वर्षी पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या विजेला पाणी लागतेच, शिवाय तिच्या दर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अशी १०० युनिट वीज महिन्याला वापरणाऱ्या घराच्या नावावर जवळपास क्विंटलभर वायू जमा होतो. घरात धूर मात्र दिसत नाही.

एका दुष्काळावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या भरवशाच्या नोंदी लागतात, आणि नोंदींसाठी खरी बोलणारी उपकरणे. ती भारतात घडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या अ‍ॅना मणी.

२३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोरमधील पीरमेड येथे त्यांचा जन्म झाला. घर सुखवस्तू, वडील स्थापत्य अभियंता. मुलींना दागिने घालून सासरी पाठवायचे, ही घरची रीत. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या पुढे आल्या, तेव्हा या मुलीने त्या नाकारून ज्ञानकोश मागितला. वायकोम सत्याग्रहाच्या काळात गांधीजी तिकडे आले. पुढे मणींनी खादी धरली ती जन्मभर.

गंमत अशी की हिरे त्यांच्या वाट्याला आलेच, पण बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. १९४० पासून त्या हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम करत होत्या. एकेका छायाचित्राला पंधरा-वीस तास लागत, मग रात्र प्रयोगशाळेतच. १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला. एम.एस्सी. नाही, या कारणाने पीएच.डी. नाकारली गेली. काम तपासायचे सोडून कागद तपासण्याचाच हा प्रकार होता. त्यांनी मात्र त्याचा बाऊ केला नाही.

त्याच वर्षी त्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. भौतिकशास्त्रात पुढे शिकायचे होते, पण शिष्यवृत्ती मिळाली हवामान उपकरणांसाठी. १९४८ मध्ये परतून त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेही विलायतेहून येत. मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे करून घेतले आणि त्यांचे उत्पादन सुरू केले. १९५३ पर्यंत त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. उपकरण चुकीचे माप देत असेल तर ते नसलेलेच बरे, असा त्यांचा खाक्या.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. त्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर किरण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. ऊन किती पडते हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. चौरस मीटरमागे किती ऊर्जा पोहोचते ते मोजावे लागते. ढग आणि धूळ यांनी ती घटते. मराठवाड्यात मे महिन्याचे आणि श्रावणातले ऊन यांत फरक पडतो तो इथेच. पुढे ओझोन मोजणारे, फुग्यासोबत वर जाणारे उपकरणही त्यांच्या गटाने देशात बनवले. थुंबा रॉकेट केंद्रावरची हवामान वेधशाळा त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली.

१९७६ मध्ये त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. खरे मोठे काम त्यानंतरचे. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातील सौर ऊर्जेच्या आकडेवारीचे त्यांचे दोन ग्रंथ आले. छपरावर किंवा शेतातल्या पंपावर पॅनेल किती बसवायचे, हे ठरवायला असेच आकडे लागतात. मग त्या वाऱ्याच्या मागे लागल्या. पवनचक्की कुठे चालेल हे कळण्यासाठी देशभर वारा मोजण्याची मोहीम त्यांनी सांभाळली. आज बीड-धाराशिवच्या माळांवर फिरणारी पाती पाहताना ही मोजणी कुणाच्या ध्यानात येत नाही.

१९९४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि हिंडणे-फिरणे थांबले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्यांचे निधन झाले.