लुईस हाइन : कॅमेरा हातीं घेतलेला शिक्षक

विद्यार्थिमित्रहो, वर्तमानपत्र उघडतांच आपली दृष्टि प्रथम चित्राकडे जाते; मजकूर मागाहून वाचला जातो. चित्राच्या ह्या सामर्थ्याचा उपयोग ज्यांनीं मुक्या बालकांची दाद लावण्यासाठीं केला, अशा एका शिक्षकाचें चरित्र आज आपणांपुढें ठेवीत आहें.

लुईस हाइन यांचा जन्म ता. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत ऑशकॉश या गांवीं झाला. १८९२ सालीं वडील अपघातानें वारले आणि पोरवयांतच त्यांना मजुरी पत्करावी लागली. दीर्घ तासांचें काम व तुटपुंजें वेतन म्हणजे काय, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें. पुढें कष्टानें शिक्षण घेऊन १९०१ सालीं ते न्यूयॉर्क येथील एका शाळेंत शिक्षक झाले. तेथील मुख्याध्यापकांच्या उत्तेजनानें त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला व १९०४ पासून एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी निर्वासितांचीं व गरीब प्रवाशांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला.

त्या काळीं अमेरिकेंत बालमजुरी सर्रास चाले. १९०० सालच्या शिरगणतीप्रमाणें १० ते १५ वर्षांचीं सुमारें साडेसतरा लक्ष मुलें पोटासाठीं राबत होतीं. ही चाल बंद पाडण्यासाठीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समितीनें हाइन यांस काम देऊं केलें, तेव्हां १९०८ सालीं त्यांनीं शाळेची नोकरी सोडली. सूतगिरण्या, कांचेचे कारखाने, कोळशाच्या खाणी असा त्यांचा देशभर प्रवास सुरू झाला.

काम सोपें नव्हतें. ५ इंच रुंद व ७ इंच लांब कांचा घालण्याची अवजड पेटी, तिवई, आणि अंधारांत उजेड पाडण्यासाठीं मॅग्नेशियमची पूड, एवढें सर्व सामान बरोबर वागवावें लागे. मालक त्यांस आंत येऊं देत नसत. मग कधीं आगीचा तपासनीस, कधीं पवित्र शास्त्राच्या प्रती विकणारा, तर कधीं यंत्रांचीं चित्रें घेणारा, अशीं सोंगें घेऊन ते आंत शिरत. मुलाची उंची कोटाच्या गुंड्यांवरून मोजीत. नांव, वय व कामाचे तास खिशांतल्या खिशांत टिपून ठेवीत. १९०८ सालीं साउथ कॅरोलिनांतील गिरणींत घेतलेलें एका चिमुकल्या मुलीचें चित्र प्रसिद्ध आहे; तिची उंची अवघी ४८ इंच असल्याची नोंद त्यासोबत आहे.

येथें एक प्रश्न उभा राहतो व तो टाळणें बरें नव्हे. सत्य मिळविण्यासाठीं असत्याचें सोंग घ्यावें काय? मुलांना रोज खरें बोला म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकास हें वाचून प्रथम अवघडल्यासारखें झालें. सोंग हें सोंगच. तें निर्दोष होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. हाइन यांनीं दारवानास फसविलें, पण चित्र पाहणारास कधीं फसविलें नाहीं. कॅमेऱ्याच्या साह्यानेंहि खोटें बोलतां येतें हें ते पक्कें जाणून होते. म्हणूनच प्रत्येक चित्राखालीं स्थळ, दिवस व वय लिहिण्याची त्यांची दक्षता होती. एक नोंद खोटी ठरती, तर सर्व मुलांची बाजू लंगडी पडली असती. शिवाय त्यांनीं त्या मुलांना केविलवाणें दाखविलें नाहीं. तीं आपल्याकडे सरळ पाहतात, आणि आपणच मान खालीं घालतों.

हीं चित्रें मासिकांतून व प्रदर्शनांतून लोकांपुढें आलीं. १९१६ सालीं बालमजुरीविरुद्ध कायदा झाला, पण १९१८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. टिकाऊ कायदा होण्यास १९३८ साल उजाडलें. हें यश अनेकांचें आहे. परंतु ज्यांनीं लोकांना डोळ्यांनीं पाहावयास लाविलें, त्यांत हाइन अग्रगण्य होत.

१९३० सालीं, साठीकडे झुकलेले असतांहि, एम्पायर स्टेट इमारतीवर उंचच उंच लोखंडी तुळयांवर काम करणाऱ्या मजुरांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. मात्र उतारवयांत काम मिळेनासें झालें, राहतें घरहि गेलें. ता. ३ नोव्हेंबर १९४० रोजीं दारिद्र्यांतच त्यांचा अंत झाला. त्यांचीं पांच हजारांहून अधिक छायाचित्रें आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जपून ठेविलेलीं आहेत.

बालमित्रहो, आज कॅमेरा घरोघरीं, किंबहुना खिशोखिशीं आहे. दुसऱ्याचें चित्र घेण्यापूर्वीं व तें चारचौघांत पाठविण्यापूर्वीं क्षणभर थांबा. हें चित्र खरें आहे काय? ह्यानें त्या मनुष्याची अब्रू राखली जाते कीं जाते? पालकांनींहि हे दोन प्रश्न मुलांस विचारावे. हाइन मास्तरांनीं शाळा सोडली खरी, पण त्यांचा हा धडा शाळेंतच शिकण्यासारखा आहे.