न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला

विद्यार्थी मित्रांनो, भिंगारहून अहिल्यानगर शहरात जाताना तुम्हांला कोणाचा परवाना लागत नाही. दोन्ही ठिकाणे एकाच देशात आहेत. पण एखादे गाव एका देशाच्या ताब्यात आणि भोवतालची सारी जमीन दुसऱ्या देशाची असेल तर? देशादेशांतील असे तंटे आंतरराष्ट्रीय कायद्याने सोडवतात. अशाच एका तंट्यात न्यायासनावर बसलेल्या भारतीयाची ही ओळख.

महंमदअली करीम छागला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत झाला. ऑक्सफर्डला शिकून ते बॅरिस्टर झाले. १९४१ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व १९४७ साली मुख्य न्यायाधीश झाले.

त्या काळी दमण पोर्तुगालच्या ताब्यात होते. जवळचे दादरा व नगरहवेली हे पोर्तुगीज प्रदेश मात्र चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते. १९५४ साली तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. भारताने पोर्तुगालला तेथे जाण्यास वाट दिली नाही. म्हणून १९५५ साली पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला.

आपल्या देशातील न्यायालय कोणालाही हजर करू शकते. स्वतंत्र देशाला मात्र असे बोलावता येत नाही. त्याने आपण होऊन न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. भारताने तो मान्य केलेला होता. त्या न्यायालयात आपला न्यायाधीश नसेल, तर खटल्यापुरता एक न्यायाधीश निवडण्याचा हक्क देशाला असतो. भारताने छागलांना निवडले. निवड देशाची, पण शपथ निःपक्षपातीपणाची!

पोर्तुगालने १७७९ साली पेशव्यांशी झालेल्या तहाचा आधार घेतला. न्यायालयाने तो तह खरा मानला. पण मराठ्यांनी दिला तो केवळ सरंजाम, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क होता, राज्य नव्हे, असे ठरवले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य व शस्त्रे नेण्याचा नव्हता. या मुद्द्यावर मते पडली आठ विरुद्ध सात! वाट रोखण्यात भारताने कायदा मोडला नाही, असेही न्यायालयाने सांगितले. छागलांनी आपले वेगळे मत स्वतंत्र लिहून नोंदवले.

वाटेचा प्रश्न हेगला सुटला. पण ते प्रदेश भारतात सामील करण्यासाठी देशाचाच कायदा लागला. १९६१ साली त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती झाली.

पुढे छागला भारताचे शिक्षणमंत्री व परराष्ट्रमंत्री झाले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. मित्रांनो, भांडण दोन शेजाऱ्यांचे असो वा दोन देशांचे, ते बळाने नव्हे तर न्यायाने मिटावे, हेच त्यांच्या चरित्रातून शिकायचे.