मैदानावर उतरलेला धर्मगुरू : संत जॉन बॉस्को



दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. आपणा मुंबईकरांना हे नाव परके नाही. माटुंग्याची शाळा व तेथील पवित्र मरियेचे मंदिर, बोरिवलीची शाळा, कुर्ल्याचे तंत्रशिक्षण केंद्र, रस्त्यावरच्या मुलांसाठी चालणारे वडाळ्याचे 'शेल्टर' अशा किती तरी ठिकाणी आपण 'डॉन बॉस्को' ही पाटी वाचतो. आपल्यापैकी कित्येकांची मुले त्या मैदानांवर फुटबॉल खेळून मोठी झाली आहेत. पण हा डॉन बॉस्को कोण होता आणि वाया चाललेल्या पोरांना सावरण्यासाठी त्याने खेळाचे मैदानच का निवडले, हे आपल्याला कितपत ठाऊक आहे?

कसरती करणारा मुलगा

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीवर एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा वडील न्यूमोनियाने वारले. त्याच सुमारास त्या मुलखात दुष्काळ होता. आई मार्गारिता हिने सासू, सावत्र मुलगा अँथनी आणि आपली दोन मुले यांचा सांभाळ एकटीने केला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलांना प्रार्थना तिनेच शिकवली.

नवव्या वर्षी जॉनला एक स्वप्न पडले. पुष्कळ मुले अंगणात खेळत होती, भांडत होती, शिव्या देत होती. जॉन त्यांना गप्प करायला ठोसे मारीत आत शिरला. तेवढ्यात एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि ही मुले माराने नव्हे, तर मायेने जिंकायची आहेत असे सांगितले. या स्वप्नाचा अर्थ जॉनला पुढे आयुष्यभर उलगडत गेला.

जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे खेळ तो बारकाईने पाही आणि घरी येऊन पडत-धडपडत शिके. दोन झाडांना दोर बांधून तो त्यावरून चाले, कोलांट्या मारी, हातचलाखी दाखवी. गावची मुले व मोठी माणसे रविवारी जमत. तिकीट म्हणून पैसे नसत. आधी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची, सकाळचे प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे आणि मग खेळ बघायचा.

शिकायची हौस मोठी होती, पण शेतकऱ्याच्या पोराला पुस्तके कशाला हा अँथनीचा हेका होता. घरातील रोजची भांडणे टाळण्यासाठी आईने जड अंतःकरणाने १८२८ साली जॉनला घराबाहेर पाठवले. बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा जवळजवळ दोन वर्षे परक्याच्या शेतावर गडी म्हणून राबला. घर सोडावे लागलेल्या पोराचे दुःख काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे किएरी गावी शिंप्याकडे व कॉफीच्या दुकानात काम करून त्यांनी शिक्षण घेतले. तेथे मित्रांना जमवून त्यांनी 'आनंद मंडळ' काढले. मंडळाचा नियम सोपा होता : ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही बोलायचे-करायचे नाही, आपले काम चोख करायचे आणि आनंदी राहायचे. गावात एक कसरतपटू आला. ऐन सणावारी, उपासनेच्या वेळी तो खेळ लावी आणि मुले चर्चऐवजी तिकडे पळत. जॉनने त्याला पैज लावून आव्हान दिले. धावणे, उडी मारणे, काठी तोलणे आणि झाडावर चढणे या चारही खेळांत तो कसरतपटू हरला आणि होते नव्हते ते गमावून बसला. जॉनने त्याचे पैसे परत केले. बदल्यात मंडळाच्या बावीस मुलांना त्याने जेवण द्यायचे आणि उपासनेच्या वेळी खेळ लावायचा नाही असे ठरले.

तुरुंगातील पोरे

५ जून १८४१ रोजी ट्युरिन शहरात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूला 'डॉन' म्हणतात, म्हणून ते डॉन बॉस्को झाले. फादर कफासो हे त्यांचे मार्गदर्शक. ते त्यांना शहरातील तुरुंगात घेऊन गेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले तेथे उपाशी, उवांनी भरलेली, रिकामी बसलेली पाहून डॉन बॉस्को हादरले. त्याहून जास्त त्यांना एका गोष्टीचे दुःख झाले. सुटून गेलेली मुले काही दिवसांतच पुन्हा तुरुंगात दिसत. कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते. बाहेर एखादा मित्र असता, रविवारी हक्काने जायला जागा असती, तर ही मुले परत येथे आली असती का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

८ डिसेंबर १८४१, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. मिस्साची तयारी चालू असताना चर्चच्या सेवकाने एका पोराला काठीने बदडून हाकलले, कारण त्याला मिस्सासेवा करता येत नव्हती. डॉन बॉस्को यांनी तो आपला मित्र आहे असे सांगून त्याला परत बोलावले. बार्तोलोमेओ गरेल्ली हे त्याचे नाव. वय सोळा, काम गवंड्याच्या हाताखाली, आईवडील नाहीत, लिहिता-वाचता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला नकारच येत होता. शेवटी डॉन बॉस्को यांनी त्याला शिट्टी वाजवता येते का असे विचारले आणि तो मुलगा हसला. त्या हसण्यापासून सुरुवात झाली. दोघांनी मिळून 'नमो मरिया' म्हटली. पुढल्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला.

जागेसाठी वणवण

मुले वाढत गेली : गवंडी, पाथरवट, चिमणी साफ करणारी, खेड्यातून पोटासाठी शहरात आलेली. रविवारी मिस्सा, धर्मशिक्षण आणि मग दिवसभर खेळ. शेकडो मुलांचा दंगा कोणाला सोसणार? शेजारी तक्रार करीत आणि जागा सोडावी लागे. दवाखान्याचे आवार, दफनभूमीचे चर्च, गिरण्या, भाड्याच्या खोल्या असे करीत शेवटी एक उघडे शेत उरले. मालकाने तेही सोडायला सांगितले, कारण मुलांच्या पायांखाली गवताची मुळेही शिल्लक राहिली नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांना एवढ्या तरुणांचा जमाव म्हणजे बंडाची तयारी वाटली आणि त्यांनी शिपाई पाळतीवर ठेवले. काही मित्रांना तर डॉन बॉस्को यांचे डोके फिरले असे वाटले. दोन धर्मगुरू त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला गाडी घेऊन आले. डॉन बॉस्को यांनी त्यांनाच आधी गाडीत बसवले, दार लावले आणि गाडीवानाला निघायला सांगितले!

५ एप्रिल १८४६, झावळ्यांचा रविवार. शेतावरचा तो शेवटचा दिवस होता. पुढच्या रविवारी मुलांना कोठे न्यायचे हे ठाऊक नव्हते. मुले खेळत होती आणि डॉन बॉस्को एका बाजूला रडत होते. त्याच संध्याकाळी वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक बुटकी शेड भाड्याने मिळत असल्याची खबर आली. १२ एप्रिलला, पास्काच्या सणादिवशी, तेथे पहिली मिस्सा झाली. शेडला लागून मोकळी जागा होती, हे महत्त्वाचे.

आईची भाजीची बाग

त्याच वर्षी अतिश्रमाने ते मरणाच्या दारी पोहोचले. दिवसभर विटा वाहणाऱ्या मुलांनी उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केली. ते बरे झाले आणि नोव्हेंबरमध्ये ५८ वर्षांच्या आईला घेऊन परत आले.

सगळे गोड घडले असे नाही. रात्री निवारा दिलेली काही मुले सकाळी चादरी-घोंगड्यांसह पसार झाली. तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला तेव्हा माता मार्गारिताने त्याला स्वयंपाकघरात विटा व फळ्या मांडून अंथरूण करून दिले. पुढे याच घरात शेकडो मुले राहिली.

एकदा मुलांनी लाकडी बंदुका घेऊन लढाईचा खेळ मांडला. खेळाच्या भरात मार्गारिताने कष्टाने वाढवलेली भाजीची बाग पार तुडवली गेली. फाटके कपडे, हरवलेले मोजे, चोरीला गेलेली भांडी हे सारे तिने सोसले होते. आता मात्र तिने गावी परत जायचे ठरवले. मुलाने काहीच उत्तर दिले नाही. फक्त भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केले. तिने डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी ती त्या पोरांमध्येच देवाघरी गेली.

डॉन बॉस्को फक्त रविवारचे मित्र नव्हते. आठवड्यात ते मुलांच्या कामावर, परातीवर चढून जात आणि मालकांशी बोलत. शिकाऊ मुलांसाठी त्यांनी मालकांशी लेखी करार केले : मुलाला मारायचे नाही, चुकला तर शब्दांनी सांगायचे, सणावारी सुट्टी द्यायची. आज हे साधे वाटते, पण १८५२ साली ही मोठी गोष्ट होती.

टोळीचा सेनापती

१८५७ च्या शरद ऋतूत कार्मान्योला स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना धुक्यातून पोरांचा गलका ऐकू आला. एका मुलाचा आवाज साऱ्यांच्या वर चढत होता आणि बाकीचे त्याचे निमूट ऐकत होते. हा मिखाएल मागोने. वडील नाहीत, आई मजुरीला, शाळेतून काढून टाकलेला. हा मुलगा याच वाटेने गेला तर तुरुंगात पोहोचेल, पण त्याच्यात पुढारी होण्याचे गुण आहेत, हे डॉन बॉस्को यांनी ओळखले. ते त्याला वाल्दोक्कोला घेऊन आले. पहिल्या दिवसापासून मैदान त्याचेच झाले. महिन्याभराने मात्र तो कोपऱ्यात बसू लागला. मन आतून खात होते. डॉन बॉस्को यांनी घाई केली नाही. मागोने आपणहून पापनिवेदनाला गेला आणि हलका होऊन मैदानावर परतला. १८५९ च्या जानेवारीत, तेराव्या वर्षी, आजाराने त्याचा मृत्यू झाला. डॉन बॉस्को यांनी त्याचे चरित्र स्वतः लिहिले.

त्यांच्या चरित्रांत आणखी एक प्रसंग सांगतात. बालगुन्हेगारांच्या तुरुंगातील सुमारे तीनशे मुलांना ते एकाही शिपायाविना दिवसभराच्या सहलीला घेऊन गेले आणि संध्याकाळी सगळी मुले परत आली. एकही पळाला नाही.

मैदान ओस पडते तेव्हा

डॉन बॉस्को यांनी १८५९ साली सालेशियन संघाची स्थापना केली आणि १८७७ साली आपली शिक्षणपद्धती लिहून ठेवली. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन खांब. मुलांना धावू द्या, उड्या मारू द्या, हवा तेवढा आरडाओरडा करू द्या, असा त्यांचा आग्रह होता. पण १८८४ च्या मे महिन्यात त्यांनी रोमहून एक दुःखी पत्र लिहिले. संस्था मोठी झाली होती, इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि फादर-ब्रदर मात्र मुलांबरोबर खेळायचे सोडून कडेला उभे राहून आपसात गप्पा मारीत होते. मुलांचे मन त्यामुळे दूर गेले होते. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळले पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा होता. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे त्यांनी देह ठेवला. १ एप्रिल १९३४ रोजी, पास्काच्या सणादिवशी, ते संत म्हणून घोषित झाले.

त्यांचे काम मात्र पुढे चालूच राहिले. अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स शहरात सालेशियन फादर लोरेन्सो मास्सा यांनी भर रस्त्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना ट्रामचा धोका ओळखून आपल्या आवारात बोलावले. अट एकच, रविवारी मिस्साला यायचे. त्यातून १९०८ साली 'सान लोरेन्सो' हा संघ उभा राहिला. दिवंगत पोप फ्रान्सिस लहानपणापासून याच संघाचे चाहते होते. १९२८ साली सालेशियन फादर आपल्या मुंबईतही आले.

बंधू-भगिनींनो, आपल्याही नाक्यावर संध्याकाळी मुले उभी असतात. कोणी दहावी नापास, कोणी शाळा सोडून कामाला लागलेला, कोणाच्या घरी दारूची भांडणे. बॉल चर्चच्या काचेवर लागला की आपण ओरडतो, मैदानाला कुलूप लावा म्हणतो. त्या ट्युरिनच्या शेजाऱ्यांनीही हेच केले होते. संघ उभा करायला पैसे थोडे लागतात. दर रविवारी न चुकता ठरल्या वेळी येणारा, मुलांची नावे ठाऊक असलेला, हरल्यावर त्यांच्या शेजारी बसणारा आणि एखादा दोन रविवार दिसला नाही तर त्याच्या घरी जाणारा एक मोठा माणूस मात्र लागतो. आपल्या धर्मग्रामात एके काळी हॉकी-फुटबॉल खेळलेले, आता निवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. मिस्सानंतरचे दोन तास त्यांच्यापैकी कोणी देईल का?

त्या कामगार पोराला डॉन बॉस्को यांनी आधी धर्मप्रश्न विचारले आणि प्रत्येक वेळी नकार मिळाला. शेवटी शिट्टी विचारली. आपण पुढल्या रविवारी निदान तेवढे विचारू या.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर.