आना ओ. नव्हे, बर्था पापेनहाइम

मनोविश्लेषण म्हटले की फ्रॉइडचे नाव सर्वांच्या ओठी येते. पण ज्या रुग्ण मुलीपासून या शास्त्राला वाट सापडली, तिचे खरे नाव फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल. ग्रंथांत ती आना ओ. म्हणून वावरते. तिचे खरे नाव बर्था पापेनहाइम.

बर्थाबाईंचा जन्म १८५९ साली व्हिएन्नातील एका सधन, सनातनी ज्यू घराण्यात झाला. बुद्धी तल्लख, परंतु सोळाव्या वर्षी शाळा सुटली. धाकटा भाऊ मात्र पुढे शिकत राहिला. १८८० साली वडील अंथरुणाला खिळले. रात्री जागून त्यांची शुश्रूषा करता करता बर्थाच आजारी पडली. उजवा हात लुळा पडला, मातृभाषा जर्मन आठवेना, केवळ इंग्रजीच बोलता येई. तहानेने जीव व्याकूळ झाला तरी पाणी ओठांना लावता येईना.

डॉ. ब्रॉयर यांनी तिला बोलू दिले व शांतपणे ऐकून घेतले. एके दिवशी तिने मनात दडलेला प्रसंग सांगितला: सोबतच्या इंग्रज बाईचे कुत्रे पेल्यातून पाणी प्याले होते आणि तिला त्याची किळस आली होती. ते सांगून होताच ती पाणी प्याली, असे ब्रॉयर यांनी लिहून ठेवले आहे. या बोलण्याच्या उपचाराला नावही तिनेच दिले.

१८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या ग्रंथात ही हकिकत आली. वाचणाऱ्यांची समजूत झाली की, रोगी या उपचाराने बरी झाली. वस्तुस्थिती निराळी होती. उपचार १८८२ च्या जूनमध्ये संपले आणि जुलैमध्येच तिला स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात दाखल करावे लागले. मॉर्फीनची सवयही जडली होती. एलेनबर्गर या संशोधकाने १९७२ साली तेथील कागदपत्रे उजेडात आणली.

दुसरी दंतकथा तर अधिकच अन्यायाची. फ्रॉइडचे चरित्रकार जोन्स यांनी १९५३ साली लिहिले की, उपचाराच्या अखेरीस तिला ब्रॉयरपासून गर्भ राहिल्याचा भास झाला. ब्रॉयर घाबरून पत्नीसह व्हेनिसला गेले व तेथेच त्यांच्या कन्येचे बीज रुजले. वास्तविक ती कन्या १८८२ च्या मार्चमध्ये, उपचार संपण्यापूर्वीच जन्मली होती! याच चरित्राने बर्थाबाईंचे खरे नावही जगजाहीर केले. तेव्हा उत्तर द्यायला त्या हयात नव्हत्या.

त्यांचे खरे चरित्र पुढेच आहे. १८८८ साली आईबरोबर त्या फ्रँकफुर्टला आल्या. अनाथ मुलींच्या आश्रमाची धुरा त्यांनी बारा वर्षे वाहिली. मेरी वोल्स्टनक्राफ्टचा स्त्री-हक्कांवरील ग्रंथ जर्मनमध्ये आणला. १९०४ साली ज्यू महिला संघ स्थापून वीस वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. मुलींच्या विक्रीविरुद्ध गॅलिशियापर्यंत प्रवास केले. १९०७ साली नॉय-इझेनबुर्ग येथे निराधार मुली व कुमारी माता यांच्यासाठी घर उघडले. १९३६ साली, आजाराने जर्जर असताना नाझी पोलिसांनी त्यांची चौकशी केली. मे महिन्यात त्या निवर्तल्या. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये त्या घराला आग लावण्यात आली. १९५४ साली पश्चिम जर्मनीने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आजारपणाची दोन वर्षे शास्त्रग्रंथांत अमर झाली आणि सेवेची चाळीस वर्षे मागे राहिली. कोणा बाईची आजारपणाची वा बदनामीची गोष्ट कानी आली, तर ती पुढे सांगण्यापूर्वी आपण बर्थाबाईंना आठवावे.