दुर्बिणींचा शिल्पकार : जॉर्ज एलरी हेल

ताऱ्यांचे शोध लावणाऱ्या पंडितांचीं नांवें आपण ऐकतों. परंतु ज्या यंत्रांवांचून ते शोध लागले नसते, तीं यंत्रें उभीं करणाऱ्यांचें स्मरण क्वचितच होतें. धनिकांचें मन वळविणें, योग्य कारागीर निवडणें, आणि काम वर्षानुवर्षें रखडलें तरी सर्वांचा धीर टिकविणें, ह्या विद्येंत अमेरिकेच्या जॉर्ज एलरी हेल ह्यांचा हात धरणारा दुसरा सांपडणें कठीण.

त्यांचा जन्म शिकागो शहरीं २९ जून १८६८ रोजीं झाला. उंच इमारतींतून माणसांस वरखालीं नेणारे लिफ्ट नांवाचे पाळणे बनवून वडील श्रीमंत झाले होते, व मुलाच्या शास्त्राच्या नादासाठीं त्यांनीं कधीं हात आखडला नाहीं. सन १८८९ मध्यें, विद्यार्थिदशेंतच, ट्रामगाडींतून जात असतां सूर्याचें छायाचित्र एकाच रंगाच्या प्रकाशांत घेण्याची युक्ति हेल ह्यांस सुचली. ह्याच जातीचें यंत्र पुढें आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेंतही बसविण्यांत आलें.

सन १८९२ मध्यें त्यांच्या कानीं आलें कीं, कॅलिफोर्नियांतील एका विद्यापीठासाठीं ओतविलेल्या मोठ्या भिंगाच्या कांचा पैशाअभावीं पडून आहेत. चोवीस वर्षांच्या ह्या तरुणानें शिकागोचे ट्रामसम्राट येर्कीस ह्यांस गांठलें. येर्कीस ह्यांचा लौकिक फारसा चांगला नव्हता. कांचेला मात्र त्याचा डाग लागला नाहीं! सन १८९७ मध्यें ४० इंच व्यासाच्या भिंगाची, त्या जातींतील त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण उभी राहिली. भिंग ह्याहून मोठें केल्यास तें स्वतःच्याच भारानें वांकतें. आरशास मात्र मागून आधार देतां येतो. म्हणून हेल आरशांकडे वळले. वडिलांनीं दिलेल्या कांचेचा ६० इंची आरसा सन १९०८ मध्यें कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सनवर बसला. तेथील चिंचोळ्या वाटेनें सामान नेण्यास खेंचरें जुंपावीं लागलीं होतीं.

हें काम पुरें होण्यापूर्वींच, सन १९०६ मध्यें, हूकर नांवाच्या व्यापाऱ्याकडून १०० इंची आरशासाठीं त्यांनीं ४५,००० डॉलर मिळविले होते. फ्रान्समधून कांच आली ती बुडबुड्यांनीं भरलेली. हेल ह्यांनीं ती नाकारली. कारखान्यानें पुन्हां प्रयत्न केले, ते फसले. अखेर तीच कांच घासण्याचें ठरलें. घासणाऱ्या रिची ह्यांचा मात्र तिच्यावर विश्वास नव्हता. अशा ओझ्यांखालीं हेल ह्यांची प्रकृति ढांसळली. डोकें दुखे, झोंप येईना, कित्येक महिने काम सोडावें लागे.

ता. १ नोव्हेंबर १९१७ च्या रात्रीं प्रथम गुरुग्रह पाहिला, तों एकाच्या जागीं सहासात प्रतिमा एकमेकींवर पडलेल्या! दहा वर्षांचें श्रम व लोकांचें द्रव्य, दोन्ही व्यर्थ गेलें कीं काय? तेवढ्यांत कोणास आठवलें कीं, कामकऱ्यांनीं दिवसा घुमट उघडा ठेविला होता. उन्हानें आरसा तापून फुगला असावा. हेल जाऊन पडले, पण डोळा लागेना. पहांटे तीनच्या सुमारास ते परतले, दुर्बीण एका ताऱ्याकडे फिरविली, आणि तो सुईच्या अग्रासारखा स्वच्छ दिसला. सन १९२३ मध्यें ह्याच दुर्बिणीनें हबल ह्यांनीं देवयानींतील एक तारा हेरला, व देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र तारकानगरी ठरली.

त्याच वर्षीं प्रकृतीमुळें हेल ह्यांनीं संचालकपद सोडलें; पण स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. सन १९२८ मध्यें २०० इंची दुर्बिणीसाठीं त्यांनीं रॉकफेलर ह्यांच्या निधींतून ६० लक्ष डॉलर मिळविले. ह्या वेळीं उष्णतेनें फारशी न फुगणारी कांच हवी होती. प्रथम स्फटिकाच्या रसाचा प्रयोग झाला. बराच पैसा खर्चूनही तो साधला नाहीं. मग कॉर्निंगच्या कारखान्यानें पायरेक्स कांच घेतली. मार्च १९३४ मध्यें ओततांना सांच्यांतील ठोकळे सुटून रसावर तरंगूं लागले. डिसेंबरांत दुसरी ओतली, ती साधली. ती आगगाडीनें कॅलिफोर्नियांत पोंचलेली हेल ह्यांनीं पाहिली, पण घासणें संपण्यापूर्वींच, २१ फेब्रुवारी १९३८ रोजीं, ते निवर्तले. पुढें महायुद्धामुळें काम थांबलें. जून १९४८ मध्यें पालोमार पर्वतावर त्या दुर्बिणीचें उद्घाटन झालें, त्या वेळीं तिला हेल ह्यांचें नांव देण्यांत आलें.