ज्ञानाची लोकभाषा : माधवराव सप्रे

छत्तीसगढ आणि मराठी भाषा यांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली आणि तिच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबे रायपूर, बिलासपूर या भागांत स्थायिक झाली. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. पुढे हा सारा मुलूख मध्य प्रांतात समाविष्ट झाला. या प्रांतात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. घरात मराठी आणि बाजारात हिंदी किंवा छत्तीसगढी, असा तेथील मराठी माणसाचा नित्याचा व्यवहार होता. माधवराव सप्रे अशाच वातावरणात वाढले.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण बिलासपूर येथे आणि माध्यमिक शिक्षण रायपूर येथे झाले. रायपूरच्या शाळेतच त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली. पुढे अनेक अडचणी सोसून त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. ही पदवी संपादन केली. त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीचे दार सहज उघडे असे. माधवरावांनी त्या दाराकडे पाठ फिरवली आणि पेंड्रा येथील राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले. नोकरी लहान होती, परंतु तिच्यात मनाचे स्वातंत्र्य होते.

एकोणिसावे शतक संपत आले होते. आगगाडी, तारायंत्र, टपाल आणि छापखाना या चार साधनांनी देशाचे रूप पालटत होते. एका गावी लिहिलेला मजकूर महिन्याभरात शेकडो गावी पोहोचणे आता शक्य झाले होते. पण त्या मजकुराची भाषा कोणती असावी? अर्थशास्त्र, विज्ञान, राज्यकारभार यांविषयीचे नवे ज्ञान बहुतांशी इंग्रजीत होते आणि इंग्रजी जाणणारे फार थोडे होते. छापण्याचे यंत्र आले, तरी सामान्य माणूस ज्ञानापासून दूरच राहिला होता. माधवरावांनी आपले आयुष्य या अडचणीच्या निवारणासाठी वेचले.

जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक होते आणि वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाचा भार उचलला होता. हिंदीच्या सेवेसाठी तीन मराठी तरुण एकत्र आले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पेंड्रा आडवळणाचे गाव. तेथे छापखाना नव्हता. मजकूर लिहायचा पेंड्र्यात आणि तो छापून घ्यायचा प्रथम रायपूरला व नंतर नागपूरला, असा खटाटोप होता. छापखान्यात शिशाचे एकेक अक्षर हाताने जुळवून पान उभे करावे लागे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे निराळे खिळे लागत, म्हणून हे काम अधिकच किचकट होई.

या मासिकाने पुस्तकांच्या निर्भीड परीक्षणाचा पायंडा पाडला. लेखक कितीही मोठा असला, तरी दोष दाखवताना माधवराव कचरत नसत. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली. एका जमीनदाराने एका अनाथ विधवेची झोपडी हिरावून घेतली. पुढे तिला तेथील टोपलीभर माती उचलून देणे त्याला साधले नाही आणि त्याचे डोळे उघडले. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये या कथेची गणना होते. तथापि केवळ गुणांवर मासिक चालत नाही. वर्गणीदार थोडे, खर्च मोठा. तीन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस, ‘छत्तीसगढ मित्र’ बंद पडले.

मासिक बंद पडले, पण काम थांबले नाही. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विज्ञान व शास्त्रविषयक शब्दांचा हिंदी कोश तयार करण्याचे कार्य हाती घेतले होते. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोशातील अर्थशास्त्राचा विभाग माधवरावांनी सिद्ध केला. भांडवल, मजुरी, चलन, मागणी, पुरवठा अशा कल्पना ज्या भाषेत नेमकेपणाने मांडता येत नाहीत, त्या भाषेतील माणसाला आपल्या दारिद्र्याची कारणेही नीट सांगता येत नाहीत. म्हणून हे काम वरवर रुक्ष दिसले, तरी मोलाचे होते. अर्थशास्त्रावरील आपले हस्तलिखितही त्यांनी महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या हवाली केले. द्विवेदींचा ‘संपत्तिशास्त्र’ हा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या साहाय्याचा वाटा होता. स्वतःच्या नावाची हाव नसलेले असे लेखक विरळाच. परिभाषेचे हे कार्य स्वातंत्र्यानंतर शासनाने अंगावर घेतले आणि १९६१ मध्ये केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. संगणकासारख्या नव्या यंत्राबरोबर आलेल्या शेकडो संज्ञांना भारतीय भाषांत प्रतिशब्द शोधण्याचे काम याच परंपरेतले आहे.

माधवराव तोपर्यंत नागपूरला आले होते. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत, या हेतूने त्यांनी १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी. त्यामुळे मराठी पत्र छापणाऱ्या छापखान्यातून हिंदी पत्रही निघू शकत असे. आज संगणकाच्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीतही या दोन भाषांसाठी देवनागरीचा एकच संच वापरला जातो.

१९०८ साली सरकारने वृत्तपत्रांवर कठोर हत्यार उपसले. जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि २२ ऑगस्ट रोजी माधवरावांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. तुरुंगात असताना कुटुंबीयांचा, विशेषतः थोरल्या बंधूंचा, त्यांच्यावर विलक्षण दबाव आला. एकीकडे व्रत आणि दुसरीकडे पितृतुल्य बंधूंचे प्राण, अशा कात्रीत ते सापडले. अखेर त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. हा त्यांच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग होय. लोकांनी त्यांना दूषणे दिली. त्याहूनही अधिक कठोर शासन त्यांनी स्वतःला दिले. सार्वजनिक जीवनातून निवृत्त होऊन ते वर्ध्याजवळील हनुमानगढ येथे श्रीधर विष्णू परांजपे यांच्या आश्रयाला गेले. तेथे त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले आणि समर्थांच्या ‘दासबोधा’चा अभ्यास केला.

या एकांतातूनच त्यांचे पुढील कार्य उभे राहिले. ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद त्यांनी केला. टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवादही माधवरावांनीच पाठोपाठ सिद्ध केला. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचे ‘महाभारत मीमांसा’ हे हिंदी रूपांतर त्यांचेच. मराठीतील विचारधन हिंदीत नेणारा असा दुसरा पूल त्या काळी नव्हता. तात्त्विक ग्रंथाच्या अनुवादात एखाद्या शब्दासाठी दिवसचे दिवस खर्ची पडतात. ती किंमत त्यांनी आनंदाने मोजली.

रायपूरला परतल्यावर त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली आणि असहकाराच्या काळात राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे पत्र सुरू झाले, त्यामागे प्रेरणा माधवरावांची होती. संपादकपद मात्र त्यांनी तरुण माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे सोपवले. १९२४ साली डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी भाषक लेखकाला मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

१९८४ मध्ये भोपाळ येथे माधवरावांच्या नावाने वृत्तपत्रांचे एक संग्रहालय स्थापन झाले. गावोगावच्या माळ्यांवर, पेट्यांत धूळ खात पडलेली जुनी पत्रे आणि मासिके तेथे गोळा करण्यात आली. शंभर वर्षांचा कागद हात लावताच तुटतो. म्हणून अशा पानांच्या प्रतिमा संगणकात साठवून ठेवण्याचे कामही तेथे सुरू झाले.