बेळगावचे बाबा पदमनजी

बाबा पदमनजी म्हटलं की आपल्याला परीक्षेतला एका गुणाचा प्रश्न आठवतो. मराठीतली पहिली कादंबरी कोणती? 'यमुनापर्यटन', १८५७. झालं, संपला विषय! पण हा माणूस आपल्या बेळगावचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणून या अंकासाठी मी त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं.

१८३१ मध्ये बेळगावात एका कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात देवधर्म, व्रतवैकल्यं, पोथ्यापुराणं सगळं होतं. इथल्या मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकले आणि पुढे मुंबईला स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात गेले. बायबल तिथे अभ्यासातच होतं. पण नुसत्या अभ्यासाने कुणी धर्म बदलत नाही. त्यांच्याबरोबर शिकणारे बहुतेक सगळे हिंदूच राहिले.

मुंबईत त्या काळी परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी होती. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, हा तिचा विचार. सभासद एकत्र बसून पाव खात, पण बाहेर चकार शब्द काढत नसत. बाबाही या सभेत होते. मला त्यांच्या आयुष्यातली खरी मेख इथेच दिसते. बंद दाराआड जात नाही आणि दार उघडलं की आहे, हे त्यांना पटेना. पुढे १८६० च्या सुमारास सभेची माहिती बाहेर फुटली आणि सभाच मोडली. पण बाबांनी त्याआधीच आपला निर्णय जाहीरपणे घेतला होता.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय अवघं तेवीस. जिथे सगळं गाव ओळखतं, तिथेच! त्याची किंमतही जबर पडली. आप्तांचं घर तुटलं, पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. धर्मांतर म्हणजे फायद्याचा सौदा, असं सरसकट बोलणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा, असं मला वाटतं. आणि त्या पत्नीची बाजू कुणी लिहून ठेवली नाही, हेही विसरू नये.

तीन वर्षांनी 'यमुनापर्यटन' आलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे विषय अगदी ताजा होता. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांची दुःखं ऐकते आणि शेवटी स्वतःच विधवा होते. पुढे ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. हा शेवट मला उपदेशाचा वाटतो. पण केशवपनाला सामोऱ्या जाणाऱ्या बायकांचं दुःख वाचताना उपदेश आठवत नाही. तिथे धर्म कुठला, हा प्रश्नच उरत नाही.

पुढे ते पाळक झाले, नियतकालिकं चालवली, मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना परवडेल, हाताळता येईल असं ते पुस्तक! १८८८ मध्ये 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आलं आणि १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता डोकी मोजायची तर २०११ च्या जनगणनेत भारतात ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के आहेत, आणि महाराष्ट्रात तर एक टक्क्याच्याही आत. मग बाबांच्या कामाचं फळ काय? माझं उत्तर असं : धर्म बदलल्यावरही मराठी आपलीच राहते, हे त्यांनी करून दाखवलं. नाव मराठी ठेवलं, वाद मराठीत घातले, स्वतःच्या मनाची उलाघालही मराठीतच लिहिली. पुढे ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई आले, ते याच वाटेने.

मतं पटोत न पटोत, 'अरुणोदय' एकदा वाचाच. मनात एक आणि चारचौघांत दुसरं, असं आपणही कुठे जगतो का, हे ते पुस्तक वाचताना तपासून बघावंसं वाटतं.